शेवंतीची तीन फुलं

एका माळावर लाल कौलांचं चिमुकलं चर्च होतं आणि त्याच्या शेजारच्या खोपटात एस्तेर राहायची. तिला बाप नव्हता. आई तीन महिने तापाने अंथरुणाला खिळलेली. पाणी आणायचं, भाकरी थापायची, सगळं त्या इवल्या हातांनीच. तरीही चर्चच्या बागेत पाखरांसाठी वाटीभर पाणी ती रोज ठेवायचीच.

कापणीच्या सणाला तिथला एक नेम होता. आपल्या अंगणात, आपल्या हातांनी पिकवलेलं काहीतरी प्रत्येकाने वेदीवर न्यायचं. एस्तेरने मेथी पेरली होती, पण आईच्या दुखण्यात पाणी घालायचं राहिलं आणि मेथी वाळून गेली. रिकाम्या हातांनी कसं जायचं? सणाच्या आदल्या संध्याकाळी तिने शेजारच्या हन्नाआजीच्या अंगणातली शेवंतीची तीन पांढरीशुभ्र फुलं खुडली आणि ओच्यात लपवली.

थोड्या वेळाने आजीचा आवाज आला, "ह्या चांदीनंच खाल्ली माझी फुलं! परवाच्या बाजारात इकूनच टाकते मेलीला!"

सपकन काठी वाजली. चांदी म्हणजे आजीची शेळी. बिचारीने फुलांना तोंडही लावलं नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. रात्री एस्तेरने आपली भाकरी तशीच झाकून ठेवली. प्रार्थनेला हात जोडले, तर "हे प्रभू" याच्या पुढे शब्दच फुटेना.

सकाळी फुलं ओच्यात घेऊन ती वाटी भरायला बागेत गेली. वाटीच्या काठावर करंगळीएवढी परी बसली होती! कांद्याच्या पापुद्र्यासारखे तिचे गुलाबी पंख उन्हात लुकलुकत होते आणि हातातल्या कांडीवर सोनेरी उजेड होता.

"पाखरांची तहान जाणणाऱ्या मुली, एक मागणं माग," परी म्हणाली. "पण छातीवर हात ठेवून मागायचं. आत काही लपवलेलं असेल, तर कांडी विझते. आणि चर्चची दुसरी घंटा होईपर्यंतच मी इथे आहे."

एस्तेरने छातीवर हात ठेवला. "माझी आई बरी होऊ दे."

कांडीचा उजेड काजळला.

"मग... मग ही फुलं झाडाला परत लागू देत!"

आता कांडीवर फक्त एक ठिणगी उरली.

"क्षमा माझ्या कांडीत नाही, सोनुले," परी हळूच म्हणाली. "ती प्रभूजवळ आहे. तुझी वाट हन्नाआजीच्या दारावरून जाते."

"आणि तेवढ्यात दुसरी घंटा झाली तर?"

"तर मी गेलेली असेन."

आईचा सुकलेला चेहरा एस्तेरच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला रडू फुटलं. तेवढ्यात पलीकडून चांदी केविलवाणी ओरडली. एस्तेर उठली आणि फुलं छातीशी धरून धावत सुटली.

"आजी, चांदीनं नाही खाल्ली. मी चोरली," ती हुंदके देत म्हणाली. "मला माफ कर. तिला विकू नकोस."

आजीचा हात कपाळावर गेला. "अगं लेकरा! आन् म्या त्या मुक्या जिवाला मारलं!"

आजीने चांदीचं दावं सोडलं, तिच्या पाठीवरचे वळ कुरवाळले आणि एस्तेरला पोटाशी धरलं. तेव्हाच दुसरी घंटा घणघणली. एस्तेरने ती ऐकली. आई आता बरी होणार नाही, हे तिला कळलं. पण मन कसं हलकं झालं होतं!

आजीने तिचा हात धरून तिला चर्चमध्ये नेलं. सगळ्यांसमोर एस्तेर म्हणाली, "ही फुलं हन्नाआजीची आहेत. माझे हात रिकामे आहेत." तिने फुलं वेदीवर ठेवली, हात जोडले, आणि काल अडलेली प्रार्थना झुळझुळ वाहू लागली.

"एस्तेर!"

दारात आई उभी होती. कुणाच्याही आधाराशिवाय, आपल्या पायांवर.

मधल्या फुलातून गुलाबी पंख डोकावले. "घंटेच्या आधीच तुझं मागणं मला पोचलं होतं, म्हणून मी या फुलात थांबले," परी तिच्या कानात कुजबुजली. "आजीला खरं सांगताना तुझा हात छातीवरच होता ना, आणि आत लपवलेलं काहीच उरलं नव्हतं!"

तिन्ही फुलं सोनेरी झळाळली. तो उजेड वेदीवरून वर चढला, कौलांच्या फटींतून आभाळात गेला. खाली शेवंतीची तीन साधी, पांढरी फुलं उरली.