सुधारलेला फोन

एक वृद्ध कारागीर होता. चाळीस वर्षे त्याने घड्याळे दुरुस्त केली आणि लोकांच्या मनगटावरची घड्याळे उतरू लागली, तसा तो त्याच टेबलावर मोबाइल उघडू लागला. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. तिशीचा, बुद्धिमान, हाताने कुशल आणि वृत्तीने परोपकारी. यातला शेवटचा गुण फार त्रासदायक असतो. माझ्याही फोनवर माझ्या भाच्याने असाच परोपकार करून ठेवला आहे, त्यामुळे ही कथा मी थोडी चिडूनच सांगणार आहे.

शिष्याला फोन सजवण्याचा नाद होता. अक्षरांचे वळण, चिन्हांचे आकार, रंगसंगती, बोट कसे फिरवले की काय उघडावे, यात त्याचे तासन्‌तास आनंदात जात. कंपनीने दिलेला फोन जसाच्या तसा वापरणारा माणूस त्याला बिनफोडणीची आमटी खाणाऱ्यासारखा वाटे.

एके दिवशी गिरजाबाई नावाच्या वृद्ध बाई आल्या. त्यांच्या फोनची चार्जिंगची पिन सैल झाली होती. काम दहा मिनिटांचे, म्हणून त्या फोन ठेवून भाजी आणायला गेल्या. कारागीरही बाहेर गेला होता. शिष्याने पिन बसवली, फोन सुरू केला आणि पडद्यावरची ती भडक, मोठमोठी चिन्हे पाहून त्याला राहवेना. तासभर खपून त्याने सगळे पालटले. चिन्हे नाजूक, करड्या रेषांची केली. खालची बटणे काढून टाकली. आलेला फोन आता बोट वर सरकवून घ्यायचा होता. गिरजाबाई परतल्यावर त्याने उत्साहाने सगळे समजावूनही सांगितले. त्यांनी मान डोलावली, कारण एवढ्या कष्ट घेतलेल्या माणसाला काय म्हणावे, हे त्यांना सुचले नाही.

गिरजाबाईंना वाचता येत नव्हते. कोणती गोष्ट कुठे आहे, ते त्यांच्या बोटाला ठाऊक होते, एवढेच.

चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. दूर सुरतेला दिलेली त्यांची लेक वैजू बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. शस्त्रक्रियेला नेण्यापूर्वी आईशी दोन शब्द बोलावेत, म्हणून तिने तीन वेळा फोन केला. गिरजाबाई तिन्ही वेळा पडद्यावर बोट दाबत राहिल्या आणि फोन वाजून वाजून थांबला. नातू झाल्याचे त्यांना संध्याकाळी शेजारणीकडून कळले. लेक सुखरूप होती, पण आईने फोन उचलला नाही म्हणून रुसली होती, आणि तिला उलट फोन लावणेही यांना जमत नव्हते.

"पहिल्यासारखा करून दे रे बाबा," एवढेच त्या म्हणाल्या.

शिष्य ओशाळला. लगेच पूर्ववत करतो म्हणाला, आणि फोन हातात घेऊन थबकला. पूर्वी काय कुठे होते, हे त्याने पाहिलेच नव्हते. सुधारण्याची घाई असलेली माणसे आधीचे पाहत नाहीत. असो.

कारागीर हे सारे ऐकत होता. त्याने स्वतःचा फोन काढून शिष्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी ह्याच्यावरून वैजूला फोन लाव."

त्या फोनचा पडदा कोरा काळा होता. एकही चिन्ह नव्हते. शिष्याने डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून बोट फिरवले. कधी विजेरी लागली, कधी कॅमेरा उघडला. समोर गिरजाबाई लेकीचा नंबर लिहिलेला कागद धरून उभ्या होत्या. पाच मिनिटे गेली, दहा गेली. शेवटी तो घामाघूम होऊन वैतागला.

"काका, हा काय प्रकार आहे? ह्याच्यावर माणसाने फोन लावायचा कसा?"

कारागिराने फोन घेतला, मागच्या बाजूला दोनदा बोट आपटले आणि आकड्यांची पाटी उघडली.

"मला लावता येतो," तो म्हणाला. "सहा वर्षे मी ह्याच्याशी खेळतोय. रोज काहीतरी हलवतो, चुकतो, पुन्हा बसवतो. ह्या वयात एवढी गंमत दुसऱ्या कशात येत नाही मला. तुझा नाद वाईट नाही. पण तू मावशींचा फोन बदललास तेव्हा शिकले तुझे हात आणि रमलास तू. फोन त्यांचा होता, तर ती गंमतही त्यांच्याच वाटणीची होती. ती तू परस्पर खाऊन टाकलीस आणि वर त्यांच्या हाती आडमुठा फोन दिलास."

शिष्याने स्टूल ओढून गिरजाबाईंना बसवले आणि काय कुठे होते ते विचारले. त्यांनी डोळे मिटले आणि काचेवर एकेका जागी बोट ठेवत गेल्या. इथे वैजू. इथे शेजारीण. इथे हिरवे बटण. तो मुकाट्याने लावत गेला. मग त्यांनी स्वतः पडद्यावरच्या वैजूच्या चेहऱ्यावर बोट दाबले.

"अगं, मी आई बोलतेय," त्या म्हणाल्या, आणि पुढचा बराच वेळ दुकानातल्या दोघांनी नजर कामातून वर काढली नाही.

बोलणे संपल्यावर वैजूने बाळाचा फोटो पाठवला. तो पडद्यावर मागे लावता येईल का, असे गिरजाबाईंनी विचारले. शिष्याने सांगितले तसे त्यांनी स्वतः केले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. फोटो वेडावाकडा बसला, बाळाचे कपाळ कापले गेले आणि घड्याळाचे आकडे नेमके त्याच्या नाकावर आले. गिरजाबाई हरखून पाहत राहिल्या.

शिष्याचा हात शिवशिवला. फोटो थोडासा खाली सरकवायचा, बस्स. त्याने तो हात खिशात घातला आणि म्हणाला, "छान दिसतोय, मावशी."