लोर्बेपलीकडचे कुरण

स्वित्झर्लंडच्या उत्तर सीमेवर ऊफरमात नावाचे लहानसे गाव आहे. वर द्राक्षमळ्यांचा उतार, खाली लोर्बा नदी आणि पलीकडे जर्मनी. सीमा नदीच्या मधोमध चालते. फक्त या गावापाशी ती पाणी सोडून पलीकडच्या काठावर चढते, एका कुरणाला वळसा घालते आणि पुन्हा नदीत उतरते. परक्या काठावरचा तेवढा तुकडा ऊफरमातचा. पाहुण्यांनी कारण विचारले की गावातली म्हातारी माणसे त्यांना बाकावर बसवून घेतात आणि रेगुलाची हकिकत सांगतात.

फार जुनी गोष्ट. पलीकडच्या हाखेन गावात प्लेग आला. ऊफरमातचा प्रमुख होता उर्बान. गाव जेमतेम शे-दीडशे वस्तीचे. साथ आत शिरली तर मागे कोणी उरणार नाही, म्हणून त्याने लाकडी पूल तोडायला लावला. पलीकडून कोणाला घ्यायचे नाही आणि इकडून जो जाईल त्याने परत यायचे नाही, असे ठरले. उर्बानच्या बायकोचे नाव रेगुला. त्यांची एकुलती मुलगी वेरेना हाखेनमध्येच दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

एका सकाळी वेरेना पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. नवरा तापाने गेला होता आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले होते. ती आईला हाका मारू लागली. सारे गाव काठावर जमले. आदल्याच दिवशी लुकास गवंड्याच्या भावाला उर्बानने तिथूनच माघारी धाडले होते. लुकास आता उर्बानच्या समोर उभा होता.

उर्बानने लुकासकडे पाहिले. मग म्हणाला, "नाही."

"तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही," रेगुला म्हणाली. "पण ती एकटी आहे."

"गेलीस तर मला तुला परत घेता येणार नाही."

"ठाऊक आहे मला."

तिने जवळचा पाव डोक्यावरच्या रुमालात बांधला आणि ती पाण्यात उतरली. कमरेइतक्या पाण्यातून चालत गेली, मागे वळून पाहिले नाही, असे सांगतात.

त्या कुरणात मायलेकींनी फांद्यांचे खोपटे उभारले. हाखेनने हाकललेले आणखी आजारी तिथे येऊ लागले. त्यांत लुकासचा भाऊही होता. रेगुला सगळ्यांचे करीत असे. ऊफरमातचे लोक दोरावरून धान्य सोडत. उर्बान रोज काठावर येई, पण पाण्याच्या आवाजात बोलणे पोचत नसे. एकदा मात्र तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत रेगुला एकटीच माती खणताना दिसली. वेरेना गेली होती.

बर्फ पडू लागले तसा ताप ओसरला. पण खोपट्यातून धूर दिसेना. मग लुकासचा भाऊ काठावर आला, छातीशी ते बाळ धरून. रेगुला नव्हती.

उर्बान नदी ओलांडून गेला. गावकरी म्हणाले, तिला आपल्या चर्चच्या आवारात आणून पुरू. "परत घेणार नाही म्हटलं होतं मी तिला," उर्बान म्हणाला. "आता कुठल्या तोंडाने आणू? गावानेच तिच्याकडे जायला हवं." तो हाखेनला गेला आणि त्याने त्या कुरणाची जमीन मागितली. ज्यांची माणसे रेगुलाने सांभाळली होती, त्यांनी ती नाकारली नाही. दोन्ही गावांनी मिळून सीमेचे दगड हलवले. नात मात्र उर्बानपाशीच वाढली. त्याने पूल तोडायला लावला ते बरोबर होते की नाही, यावर गावात अजून एकमत नाही.

आजही ऊफरमातचा नवा प्रमुख निवडला गेला की त्याला एकट्याने पाण्यातून चालत त्या कुरणात जावे लागते. गाव अलीकडच्या काठावर उभे राहते, आणि कोणीतरी त्याचे नाव घेऊन हाक मारीपर्यंत त्याने पलीकडेच थांबायचे असते.