शेवटचा मोर

टीव्हीची ढेरी नुकतीच गेली होती, तेव्हाची गोष्ट. माळ्यावर जाताना म्हाताऱ्या खोका टीव्हीने नव्या चपट्या टीव्हीला बजावलं, “चित्राच्या कडा बोटभर झाकायच्या हं! आपल्या घराण्याची रीत आहे.” चपट्याने इमानाने झाकल्या.

एकदा घरातल्या सुरंगीचा शाळेतला नाच टीव्हीवर लागला. रांगेतला शेवटचा मोर तीच होती.

“नुसता पिसाराच दिसतोय! मी कुठाय?” सुरंगीने भोकाड पसरलं.

चपटा घाबरला. त्याने माळ्यावरच्या खोक्याला हाक मारली, “आजोबा, कडा का झाकायच्या?”

“माझ्या वेड्यावाकड्या यायच्या म्हणून!”

“माझ्या तर सरळ आहेत!”

“मग झाकतोस कशाला, वेड्या?”

चपट्याने फटकन कडा उघडल्या. एका कडेला सुरंगी थुईथुई नाचू लागली, आणि दुसऱ्या कडेला खुर्चीत प्रमुख पाहुणे तोंड उघडं टाकून घोरताना दिसले.