निरखेडची मुकी घटका

ते पाहा, मांडवाच्या कोपऱ्यात पाण्याचे घंगाळ आणि त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला बारीकसे भोक आहे. त्यातून पाणी चढून वाटी बुडाली की एक घटका झाली. अशा वाट्या मोजून मुहूर्त धरायची चाल पुष्कळ गावांत होती. पण वाटी पाण्यावर असेतोवर अख्ख्या मांडवाने तोंड मिटून बसायचे, हे आमच्या निरखेडातच. पाहुणे कंटाळतात. कंटाळू देत.

फार पूर्वी येथे त्र्यंबकभट नावाचे जोशी होते. मुहूर्त धरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता आणि लोकांचे डोके खाण्यातही नव्हता, असे सांगतात. त्यांना एकच खूळ: आकाशाचे, काळाचे, धातूंचे शब्द आले कुठून? वाटसरू दिसला की धरलाच. पोथ्या भरल्या, पण समाधान नाही. होरा हा शब्द अहोरात्रातून निघाला असे ते वीस वर्षे सांगत आले, आणि एका फिरस्त्या पंडिताने तो यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून, आल्याचे सांगितले. वर केंद्र हा शब्दही त्यांचाच, असे म्हणाला. जोशीबुवांनी म्हणे आठवडाभर चरफडत पाने खोडली.

त्याहून सलत होता तो तास. वेशीवर दाऊदभाई काशाची थाळी ठोकून तास वाजवत, आणि गाव घटका सोडून तासच बोलू लागले होते. "घट म्हणजे घडा, त्यावरून घटका. तुमच्या तासाला बूड तरी आहे का?" असे जोशीबुवा ज्याला त्याला विचारत. उत्तर कुणालाच येत नसे. ते कुणाला हवेही नव्हते, याचा त्यांना जास्त संताप येई.

अशात त्यांच्या भागूचे लग्न निघाले. सूर्योदयापासून सातवी वाटी भरली की अंतरपाट दूर व्हायचा. हुकला तर त्या वर्षी दुसरा मुहूर्त नव्हता. बापाने वाटी राखू नये, दुसरा जोशी बसवावा, असे सगळ्यांनी विनवले. पण माझ्या लेकीची घटका परक्याच्या हाती देणार नाही, म्हणून ते स्वतःच घंगाळापाशी बसले. वाटी बुडाली की एक चिंचोका बाजूला. सहा चिंचोके झाले, सातवी वाटी पाण्यावर सोडली, आणि आहेर घेऊन दाऊदभाई आले.

वाटीकडे पाहून ते सहज म्हणाले, "जोशीबुवा, आमच्या आजोबांच्या बोलीत हिलाच तास म्हणायचे. तास म्हणजे वाटी. ती ठोकता ठोकता वेळेचं नाव झालं."

झाले! जोशीबुवा ताडकन उठले. "मग इतकी वर्षं तोंड का शिवलं होतं, दाऊदभाई?"

"तुम्ही गावभर विचारलंत. मला कधी विचारलंत?"

मग खरे की खोटे यावरून वाद जुंपला. जोशीबुवा पोथी आणायला धावले, बोरू सापडेना, शाई वाळलेली. लिहून परतले तेव्हा वाटी घंगाळाच्या तळाशी होती. केव्हा बुडाली, कुणालाच ठाऊक नव्हते. सगळा मांडव अजून त्याच वादात गुंग होता.

वरपिता उठला. "ज्याला स्वतःच्या लेकीची वेळ राखता येत नाही, त्याची सोयरीक नको." वऱ्हाड आल्या पावली परतले. जोशीबुवा मांडवाच्या खांबावर डोके आपटू लागले. भागूने मुंडावळ्या सोडल्या आणि ती म्हणाली, "एवढी एकच वाटी माझ्यासाठी बघायची होती, बाबा."

तिचे लग्न पुन्हा जमले नाही. पुढे गावच्या प्रत्येक लग्नात घंगाळापाशी तीच बसू लागली. वाटी पाण्यावर असेतोवर कुणी बोलायचे नाही, हा दंडक तिचा. जोशीबुवा समोर येऊन बसत. घरी तिच्याशी बोलायचा त्यांचा धीर होत नसे. इथे तोंड उघडले की भागू ओठांवर बोट ठेवी, आणि वाटी बुडताच मंगलाष्टकांचा गलका. अशी किती वर्षे गेली कोण जाणे. शेवटी एका लग्नात तिने "भरली" म्हणताच म्हाताऱ्याने भटजींना हाताने थोपवले आणि भर मांडवात लेकीपुढे हात जोडले. "चुकलो ग, पोरी."

भागू काहीच बोलली नाही, असे सांगतात.

आजही निरखेडात वाटी बुडाली की अंतरपाट दूर होण्याआधी वधूचा बाप लेकीपुढे हात जोडतो आणि तेच शब्द म्हणतो. लेकीने उत्तर द्यायलाच हवे, असा नियम नाही.