चार भागिले अर्धा

अगं मीनल, तो मोबाईल ठेव आणि ऐक, आत्ता आमच्या क्लासमध्ये काय झालं ते!

गणिताच्या जागेसाठी लातूरहून एक मुलगी आलेली, गार्गी सोनटक्के. डेमो लेक्चर द्यायचं. शेवडे सरांना पटलं तर नोकरी, नाहीतर सामान उचलून परत लातूर. आता शेवडे मालक, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. बाकी माणूस मूळचा मांडववाला. आणि हट्टी इतका, की विचारू नकोस.

समोर सहावीची पोरं, मागच्या बाकांवर सर आणि आम्ही सात टीचर. गार्गीने फळ्यावर लिहिलं, चार भागिले अर्धा बरोबर आठ.

पहिल्या बाकावरची स्पृहा लगेच म्हणाली, "मॅडम, चुकलं. भागल्यावर कमी होतं."

"कमीच होतं!" सर मागून उभेच राहिले. "जन्म गेला माझा मांडव घालण्यात. कापड फाडून वाढलेलं कधी बघितलं नाही मी."

"सर, अर्ध्याने भागलं की..."

"ते उलटं करून गुणा वगैरे मला सांगू नकोस. खडू खाली ठेव. कसलेही चार घे, वरून कणभरही घालू नकोस, आणि भागून आठ करून दाखव. नाहीतर जिना तिकडे आहे."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. आणि ही बया शांतपणे हाताचा खडू झटकते नि म्हणते, "दाखवते की. पण आधी चहा घेऊ या का, सर? मागे तुम्ही आठ जण आहात ना? खाली आठ फुल सांगते."

"आठ फुल?" सरांच्या जिवावरच आलं. "काय लग्न आहे का इथे? चार सांग. कटिंग केले की आठ जणांना होतात."

मग स्पृहाच हळूच म्हणाली, "सर, तुम्ही चाराचे आठ केलेत."

जो काय हशा पिकला म्हणून सांगू!

"अरे, पण चहा तेवढाच राहिला ना?" सर अजून भांडतायत.

"तेवढाच, सर," गार्गी म्हणाली. "चहा वाढतो असं मी कुठे म्हटलं? चारात अर्धे किती निघतात, एवढंच तर फळ्यावर विचारलं होतं. तुम्ही तर तोंडी केलंत."

सर आधी लालबुंद झाले. मग असे गदागदा हसले की आमचा अख्खा बाक हलायला लागला. "हिला सहावी द्या. सातवीपण द्या. उद्यापासून ये गं!" आणि खिडकीतून खाली चहावाल्याला हाक मारली, "नऊ चहा पाठव रे! फुल!"

शेवड्यांनी फुल चहा पाजला, मीनल. क्लासच्या इतिहासात पहिल्यांदा.

तिच्या जागी मी असते ना, तर खडू टाकून सरळ जिना उतरले असते. तू काय केलं असतंस गं?