चार कॅमेरे आणि एक भिंत

“...मग या चारांतला कुठला घेऊ, बापू?”

निनादने चार फोटो देवळाच्या ओट्यावर ओळीने मांडले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक खडा ठेवला होता.

बापू गुरव पत्रावळ लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“ठरवून आलायस ना?”

“हो.”

“मग मला कशाला विचारतोस?”

“तुम्ही हो म्हणावं म्हणून.”

बापू हसले. पानाला पान जोडून त्यांनी काडी टोचली.

चाळीस वर्षं बापूंनी पंचक्रोशीतली लग्नं, मुंजी आणि शाळांचे वर्ग फोटोत बसवले होते. मग एक दिवस स्टुडिओला कुलूप लावलं, कॅमेरे वाटून टाकले आणि वाडवडिलांच्या कामाला ते परत आले. शंकराची पूजा, बेल, पत्रावळी.

निनाद त्यांचा शेवटचा शिष्य. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला आलेला. तालुक्यात कुणाला कॅमेरा घ्यायचा असला की लोक निनादला विचारत, आणि तो सांगेल तोच घेत.

आता त्याला स्वतःसाठी घ्यायचा होता. सोमवारी तो नोकरीसाठी पुण्याला निघणार होता. मोठा कॅमेरा घरी ठेवून, रोज खिशात राहील असा एकच छोटा बरोबर न्यायचा होता. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्याची स्वतःची निवड चुकली, तर गावभर हसं झालं असतं.

“चारही मित्रांकडून मागून आणले,” तो म्हणाला. “दर आठवड्याला एक. रोज वापरायची वस्तू काय जाहिरात वाचून घ्यायची? मी परीक्षा घेतली.”

“कसली?”

“आमच्या घराची जांभ्या चिऱ्याची भिंत. चिऱ्याला भोकं किती असतात! लेन्स कच्ची असली की ती सगळी एकात एक मिसळतात. ट्रायपॉड एकाच जागी, अंगणात खुणा करून ठेवल्यात. सकाळी सात वाजता, भिंतीवर ऊन यायच्या आत. उजेड कमी, शटर सावकाश, जरा हललं की पुसट येतं... पण भिंत कुठे हलतेय?”

“चार आठवडे एकच भिंत.”

“हो.”

“कंटाळली नाही?”

“कोण?”

“भिंत.”

निनादला हसू आलं नाही. बापूंची थट्टा त्याला नेहमी उशिरा कळे, आणि कळली की राग येई.

बापूंनी हात धोतराला पुसले आणि पहिला फोटो उचलला. निनादने लगेच खिशातून भिंग काढून दिलं.

“मधे बघू नका. मधे सगळेच चांगले दिसतात. कोपरे बघा. लेन्सची लाज कोपऱ्यात कळते.”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच.”

“हं...”

बापूंनी वरचे दोन कोपरे पाहिले. मग उजवीकडचा खालचा.

“आता डावा,” निनाद म्हणाला. “तिथे हा नापास.”

बापूंनी भिंग डाव्या कोपऱ्यावर आणलं.

“काय आहे इथे?”

“धूसर आहे.”

“धूसर आहे ते काय आहे?”

“बांगड्या. आईच्या. ती सकाळी चहा घेऊन पायरीवर बसते. कडेला थोडी येते. मी म्हटलं, असू दे. कोपऱ्यात बारीक रेघा हव्यातच. पाच बांगड्या आहेत, मोजता आल्या तर पास.”

“आल्या?”

“कुठल्या! सगळा मिळून एक हिरवा पट्टा.”

बापूंनी फोटो जरा लांब धरला. भिंत सगळी आली होती. माणूस मात्र कडेने कापला गेला होता. एक गुडघा, गुडघ्यावर टेकवलेला उजवा हात, आणि शेजारी पायरीवर चहाचा पेला. तोंड नव्हतं.

“दुसरा?”

“तोही तसाच. तिसरा तर त्याहून वाईट. तीन वेगवेगळ्या कंपन्या, बापू, आणि तिघींची खोट एकाच कोपऱ्यात! हल्ली माल कसा काढतात बघा.”

बापूंनी त्याच्याकडे पाहिलं.

“आणि हा चौथा,” निनादने तो फोटो स्वतःच पुढे केला. त्याचा आवाज चढला होता. “बघा, त्याच कोपऱ्यात बघा. पदराचा धागा न् धागा मोजून घ्या. एवढासा कॅमेरा, शर्टाच्या खिशात मावतो. ज्याचा आहे तो मित्र विकायला तयार आहे, संध्याकाळपर्यंत थांबलाय. हाच ना?”

बापूंनी भिंग टेकवलं. देवळामागच्या बारमाही पऱ्ह्याचं पाणी वाजत होतं.

“बांगड्या मोज.”

“अं?”

“पाच आहेत म्हणालास. मोज.”

निनाद वाकला. भिंगाखाली पदर होता. सुती, निळ्या काठाचा, धागा न् धागा स्वच्छ. तो गुडघ्यावर नीट ओढून घेतलेला होता.

“हात पदराखाली असेल.”

“थंडी होती?”

“वैशाखात कसली थंडी?”

“मग?”

“काय माहीत. घेतला असेल.”

“तू काही म्हणालास तिला?”

“नाही. मी कशाला...” निनाद थांबला. “तिसऱ्या फोटोनंतर मी वैतागलो होतो. कोपरा परत गेला, असं म्हणत होतो. तर तीच म्हणाली, ‘कुठला रे कोपरा बिघडतो?’ मी म्हटलं, तुझ्याकडचा.”

“मग?”

“मग काही नाही. पेला उचलून आत गेली.”

...

बापूंनी चौथा फोटो बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिला घेतला.

“पेला बघ.”

निनादने पाहिला. स्टीलचा जुना पेला होता. त्यावर टिंबाटिंबांनी आजोबांचं नाव कोरलेलं होतं. भिंगाखाली ते वाचता येत होतं. आडनावाची वेलांटीसुद्धा दिसत होती.

त्याने दुसरा फोटो ओढला. मग तिसरा. तिन्ही फोटोंत नाव वाचता येत होतं.

“हातापासून किती लांब आहे?”

“चार बोटं.”

“लेन्स कोपरा बिघडवते, निनाद. कोपऱ्यातलं एकच काहीतरी निवडून बिघडवत नाही.”

निनाद उत्तर शोधत होता. ट्रायपॉड, वारा, शटर... एकेक उत्तर मनात येत होतं आणि पेल्यावरच्या नावापाशी येऊन थांबत होतं.

“हात गुडघ्यावर ठेव,” बापू म्हणाले.

“माझा?”

“तुझाच.”

त्याने ठेवला. बापूंनी त्याच्यावर भिंग धरलं, मघाशी फोटोवर धरलं होतं तसंच. हात स्वस्थ होता. नखाखालची शाईसुद्धा दिसत होती.

“आता लपव.”

“का लपवू? माझ्या हाताला काय झालंय?”

बापूंनी भिंग खाली ठेवलं.

...

निनाद बोलला. आवाज इतका बारीक होता की बापूंनी पत्रावळीतला हात थांबवला.

“हल्ली ती चहा अर्धाच देते. मी म्हणायचो, काठोकाठ भर गं, एवढी चिकट कधीपासून झालीस? ती हसायची. म्हणायची, जास्त चहा बरा नव्हे.”

“हं.”

“आणि परवा सुईत दोरा ओवायला शेजारच्या शकुंतलाकाकूंना हाक मारली. मी घरातच होतो.”

“हं.”

“मी रोज तिथेच होतो, बापू. दहा पावलांवर.”

“होतास. ट्रायपॉडच्या मागे.”

निनादने खडे उचलले. फोटो एकावर एक ठेवले, मग पुन्हा सुटे केले. चौथा सगळ्यांत वर आला. पदराचा धागा न् धागा त्याच्याकडे बघत होता. त्याने तो उलटा केला.

“सोमवारी जायचंय मला.”

“आज शुक्रवार आहे.”

“विचारलं तर ती सांगायची नाही. हात मागे घेईल आणि म्हणेल, काही नाही रे, झोप नीट झाली नाही.”

“म्हणेलच.”

“मग मी काय करू?”

बापूंनी नवं पान घेतलं. देठ खुडला. पान उलटसुलट करून पाहिलं आणि ठेवून दिलं.

“डॉक्टर कुठे बसतात ते तुला ठाऊक आहे. ते मला विचारू नकोस.”

निनाद उठला. चपला घातल्या. दोन पायऱ्या उतरला. खाली रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी होती. तिच्या पेटीत तो चौथा कॅमेरा होता, मऊ फडक्यात गुंडाळलेला, परत द्यायचा किंवा ठेवून घ्यायचा.

तो पायरीवर थांबला. वळला.

“बापू... मग कुठला घेऊ?”

बापूंनी पानाला पान जोडलं आणि काडी टोचली.

“ज्याच्यासमोर ती हात पदराबाहेर काढील, तो घे.”