रिकाम्या खाटांचं बक्षीस

एका राज्यात सुमंतसेन नावाचा राजा होता. मनाने मोठा, पण डोक्याने जरा घाईचा. प्रजेत अर्धांगवायूने फार माणसं दगावतात, असं कानावर येताच त्याने परगण्यापरगण्यात दवाखाने उघडले, वैद्य नेमले आणि दवंडी पिटली, "ज्या परगण्याच्या दवाखान्यात सर्वांत कमी रोगी, तो सर्वांत निरोगी! तिथल्या कारभाऱ्याला भरजरी शेला आणि पालखीचा मान!"

वर्ष सरलं. खडकओहळ परगण्याने बाजी मारली. तिथला दवाखाना इतका रिकामा, की खाटांवर कोंबड्या अंडी घालत आणि वैद्यबुवा दुपारभर घोरत. राजा स्वतः पालखी घेऊन आला. कारभारी रंगराव नवा अंगरखा घालून पुढे उभा राहिला.

खरी गोष्ट रंगरावाला पक्की ठाऊक होती. त्याच्या परगण्यात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की लोक म्हणत, 'अंगावरून वारं गेलं!' मग दारं-खिडक्या बंद, अंगावर घोंगडी आणि उताऱ्याचं लिंबू. दवाखाना राहिला बाजूला, माणूस सरळ स्मशानात. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून रंगराव गप्प होता.

राजाने शेला उचलला. तेवढ्यात समारंभात वाजणारी हलगी थांबली. हलगीवाल्या सटवाच्या हातातली काठी गळून पडली होती आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं.

"वारं गेलं! घरी न्या, दारं लावा!" लोक ओरडले.

सटवाची बायको धावत आली. "रंगरावदादा, काय करू वं मी? तुमीच सांगा!"

रंगरावाने शेल्याकडे पाहिलं, मग सटवाकडे. दवाखान्यात न्या म्हणावं, तर आजवर कुणाला का नेलं नाही, हे राजा विचारणारच. पण सटवाचे डोळे त्याच्यावरच खिळले होते. रंगरावाला स्वतःची लाज वाटली.

"दवाखान्यात न्या! आत्ताच्या आत्ता!" तो गरजला आणि त्याने राजापुढे हात जोडले. "महाराज, माझ्या खाटा रिकाम्या आहेत, कारण इथली माणसं घरातच मरतात. शेला मला नको. पालखी तेवढी द्या, सटवाला न्यायला."

राजा चमकला. मग त्याने स्वतःच पालखीच्या दांडीला हात लावला. भोई धावले, कोंबड्या उडाल्या, वैद्यबुवा दचकून उठले. उपचार वेळेवर झाले. सटवाचा एक हात थोडा जड राहिला, पण माणूस वाचला.

ते पाहून लोकांची भीड चेपली. कुणाचं तोंड जरा वाकडं दिसलं, की सगळे दवाखान्याकडे धावत. पुढच्या वर्षी खडकओहळचा दवाखाना राज्यात सर्वांत भरलेला निघाला. इतर कारभारी गालातल्या गालात हसले. राजा मात्र आता शहाणा झाला होता. त्याने खडकओहळच्या स्मशानाशेजारच्या लाकडाच्या वखारवाल्याला बोलावलं.

"काय रे, धंदा कसा आहे?"

"बुडालो, महाराज! सरणाला लाकूड कुणी नेईना. ढीग तसाच पडून आहे."

राजा पोट धरून हसला. "मग त्याच लाकडाच्या खाटा कर. दवाखान्यात कमी पडताहेत!"

तात्पर्य: दुखणं झाकल्याने टळत नाही, वेळेवर दाखवल्याने टळतं. रिकामी खाट ही आरोग्याची खूण नव्हे. बरा होऊन घरी परतलेला माणूस ही खरी खूण.